पुढचे चाक

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा माझ्या वहीत पावसाच्या तीन कविता तयार होत्या. त्या मी देणारही होतो. पण गेले वर्षभर ज्या गोष्टीचा हिशेब माझ्या डोक्यात चालू आहे ती पावसाची नाही, टायरची आहे. मराठीच्या अंकात टायर कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. आमच्या घरात टायर जितका बोलला गेला तितका पाऊससुद्धा बोलला गेला नाही.

नगर–मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे आमचे पंक्चरचे दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याचा अर्धा कापलेला पिंप आणि बाहेर लटकवलेला, चुन्याने पांढरा केलेला जुना टायर. तो लांबून दिसतो, त्यामुळे ड्रायव्हरला पाटी वाचावी लागत नाही. हे दुकान टाकण्यापूर्वी अण्णा चौदा वर्षे नगरला टायर रिमोल्डिंगच्या कामावर होते. झिजून गोटा झालेला टायर आधी बफिंगच्या यंत्रावर खरवडायचा, त्यावर सोल्युशन मारायचे, गमचा पातळ थर द्यायचा, वर नक्षीचा नवा पट्टा चढवायचा आणि उष्णतेने नि दाबाने तो पक्का शिजवायचा. 'शिजवणे' हा अण्णांचाच शब्द. कच्चा राहिला तर पट्टा सुटतो, जास्त शिजला तर रबर मरतो. चांगला रिमोल्ड खऱ्या टायरला मागे हटत नाही, असे ते अभिमानाने सांगतात. पण तोच टायर घेऊन ट्रकवाला दुकानात आला की एक वाक्य न चुकता बोलतात, "मागं घाला. पुढं घालू नका."

मागे चाकांची जोडी असते. एक गेले तर दुसरे ओझे धरते. पुढे एकेकच असते, आणि स्टेअरिंग त्याच्याच हाती. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की इतर मुलांनी शुभंकरोती ऐकले असेल तितके. त्यामुळेच बहुधा त्याचा कधी विचार केला नाही.

आमच्या चुलत्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दहावीला गणिताने हात दिला नाही आणि तो गॅरेजला लागला. त्याचा हात असा की गाडी स्टँडवर चढवायच्या आधी आवाजावरून दुखणे सांगतो. आमच्या जिल्ह्याला गाड्यांचे वेड तसे जुनेच. किनेटिक कंपनीची लूना १९७२ साली आली ती इथलीच, नगरच्या कारखान्यातली. आमच्या आजोबांनी पहिली गाडी घेतली ती तीच. लष्कराच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई संस्थाही नगरलाच, तिचे चाचणीचे ट्रॅक आहेत. रणगाडे तर आम्ही शाळेच्या सहलीत पाहिले. दादा त्या सहलीत रणगाड्याचे पट्टेच पाहत बसला होता, असे काकू अजून सांगते.

२०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. जगातले सर्वांत वेगवान मोटारसायकलवाले पहिल्यांदाच आपल्या देशात शर्यतीला उतरले होते. २४ तारखेचा तो रविवार. दादाने मोबाईल कॉम्प्रेसरवर टेकवून ठेवला आणि आम्ही तिघे पाहत बसलो. ऊन इतके होते की शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली होती. मार्को बेझेकी जिंकला. त्या वेळचा जगज्जेता बान्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना पडला. मार्क मार्केझही पडला, पण गाडी उचलून पुन्हा निघाला आणि नववा आला.

अण्णांचे लक्ष मात्र शर्यतीत नव्हते. "ह्यांचे टायर तर पार गोटा झालेत की रं!" ते म्हणाले. दादा हसून लोटपोट झाला. मग त्याने समजावले, की कोरड्या रस्त्यावर नक्षी लागतच नाही. नक्षी पाणी बाहेर काढायला. पाणी नसेल तर खाच म्हणजे रस्त्याला न टेकलेला रबर. नंतर सुरुवातीच्या रांगेत टायरला विजेच्या गाद्या गुंडाळलेल्या दाखवल्या. टायर आधीच तापवून ठेवतात, ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत. अण्णा म्हणाले, "थंडीत मी म्हशीला कधी पोतं घातलं नाही आणि ह्यांनी टायरला घोंगडी घातली!"

पण त्या दिवसापासून अण्णा आणि दादा यांच्यात एक नवे बोलणे सुरू झाले. त्याआधी त्यांचे बोलणे म्हणजे पान्हा दे, हवा बघ, इतकेच होते. एखादा टायर आला की अण्णा अंगठ्याचे नख त्यात रुतवून पाहत. नखाची खूण पडून हळूहळू भरून आली तर रबर मऊ. नख घसरले तर कडक. मऊ रबर रस्ता धरतो पण लवकर झिजतो. कडक रबर हजारो किलोमीटर चालतो, पण रस्त्याला जेवढ्यास तेवढा. हे अण्णांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होते. दादा त्याला 'कंपाउंड' म्हणत असे. रबर, काजळी, सिलिका, तेल आणि गंधक यांचे प्रमाण बदलले की कंपाउंड बदलते.

मी कलाशाखेचा. आमच्याकडे भौतिकशास्त्र नाही. शाळेत शिकलो होतो की घर्षण हे टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. पुढे वाचनात आले, की रबर हा नियम पाळत नाही. रबर खडीच्या बारीक बारीक टोकांवर दबतो, त्यांच्या फटीत शिरतो, आणि बाहेर येताना चटकन पूर्वीसारखा होत नाही, रेंगाळतो. ते रेंगाळणे म्हणजेच पकड. शिवाय तो रस्त्याला अंगचा चिकटतोही. आणि हे सर्व उष्णतेवर चालते. प्रत्येक कंपाउंडची आपली एक गरमी असते. त्याहून थंड असेल तर रबर दगडासारखा वागतो, जास्त तापला तर पिठासारखा सुटतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून तापवला, तेव्हा तो उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचा थांबला. पण अगदी पुरता थांबला नाही. डिसेंबरच्या पहाटे आमच्या स्लिपरसुद्धा कडक झालेल्या असतात.

२०२४ च्या सुरुवातीला दादाने एक अपघातात सापडलेली आरसी २०० भंगाराच्या भावात घेतली. ही गाडी आपल्या चाकणलाच तयार होते. सात-आठ महिने गॅरेज बंद झाल्यावर तो तिच्यावर काम करी. रस्त्यावर तिला पळवायचे नाही, अशी शपथ त्याने काकूच्या गळ्याला हात लावून घेतली होती आणि ती पाळली. त्याला ट्रॅकवर जायचे होते. तीन जिल्हे पलीकडे एक छोटा ट्रॅक आहे. तिथे नवख्यांसाठी जानेवारीत सराव आणि एक लहानशी शर्यत होणार होती. फी भरली. जुने हेल्मेट होते, चामड्याचा सूट एका ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी आणला. राहिले टायर. दोन्ही टायर जुने, कडक, लांबच्या प्रवासाच्या जातीचे होते. मागचा मऊ कंपाउंडचा नवा टायर त्याने नोव्हेंबरात घेतला. पुढच्यासाठी साडेचार हजार बाजूला ठेवले होते.

डिसेंबरात माझ्या होस्टेलची आणि मेसची दुसऱ्या सत्राची रक्कम भरायची वेळ आली. त्या महिन्यात दुकानाचा कॉम्प्रेसर जळाला होता. घरात पैसा नव्हता. कॉलेजात जाणारा घरातला पहिलाच मी, त्यामुळे फी कशी मागावी हे मलाही ठाऊक नव्हते आणि कशी नाकारावी हे अण्णांनाही. मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी दादा दुकानात आला आणि पंक्चरच्या डब्यावर नोटा ठेवल्या.

"पुढच्या टायरचे ना रे हे?" मी विचारले.

"पुढचा चालतोय की अजून. नक्षी बघ केवढी हाय. जोर मागच्या चाकाला असतो, मागचा घेतलाय ना नवा. तू भर तुझी फी."

अण्णा तिथेच होते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांच्या तोंडी ते वाक्य यायला हवे होते. ज्या ट्रकवाल्याचे नावही माहीत नसते त्याला जे सांगतात, ते त्यांनी आपल्या पुतण्याला सांगितले नाही. पिंपातून मान वर काढली, नोटांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा ट्यूब बुडवली. मी नोटा उचलल्या.

जानेवारीत पिकअपमध्ये गाडी बांधून आम्ही रात्रीच निघालो. निघण्यापूर्वी हवा मी भरली. सायकलच्या शर्यतीत हवा टणक भरतात, एवढे माझे ज्ञान. चाक हलके पळते म्हणतात. म्हणून पुढे छत्तीस भरली. दादाला सांगितले, 'हवा टाईट केली आहे', तो म्हणाला, 'बरं झालं.' तो त्या वेळी हेल्मेटची काच पुसत होता.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा धुके होते. सकाळी सव्वाआठला नवख्यांची पहिली तुकडी सोडली. पहिली फेरी दादाने सावकाश काढली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या फेरीत सरळ पट्टा संपून उजवे वळण येते तिथे त्याने पुढचा ब्रेक दाबला, गाडी आत कलवली आणि पुढचे चाक त्याच्या हातातून निघून गेले. मी कुंपणाशी उभा होतो. मला वाटले होते असे काही झाले तर मोठा आवाज होईल. तसे काही नाही. चाक वळणाच्या बाहेरच्या दिशेला सरकले, गाडी जणू थकून आडवी झाली, आणि दादा आणि गाडी दोघे आपापल्या वाटेने घसरत गवतात गेले. एवढा वेळ लागला की मी त्याचे नाव घेऊन ओरडायला तोंड उघडले आणि ते संपले होते. गळपट्टीचे हाड मोडले. बाकी सूटने वाचवले.

मागचे चाक घसरले तर गाडी शेपटी हलवते, स्वाराला इशारा देते, हॅन्डल उलट वळवून सावरायला एखादा क्षण मिळतो. पुढचे घसरले तर ज्याने सावरायचे तेच गेलेले असते. मार्केझसारखे काही थोडे लोक गुडघा नि कोपर जमिनीला टेकवून तेही सावरतात. पण ते मार्केझ.

त्यानंतर मी या विषयाचे जेवढे मिळाले तेवढे वाचले. परीक्षेच्या अभ्यासापेक्षा जास्त वाचले, हे सरांनी मनावर घेऊ नये. टायर जिथे रस्त्याला टेकतो तो तुकडा विड्याच्या पानाएवढा असतो. त्या पानाजवळ पकडीचे सोळा आणे असतात असे समजा. ब्रेक लावायला त्यातलेच खर्च होतात, वळायलाही त्यातलेच. ब्रेकवर चौदा उधळले तर वळायला फारसे उरत नाही. (हिशेब इतका सरळ वजाबाकीचा नाही, पण वृत्ती तीच.) मजा अशी की हे सोळा आणे ठरलेले नसतात. ब्रेक हळूहळू वाढवत दाबला तर गाडीचे वजन पुढे येते, पुढचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, पान पसरते आणि सोळाचे वीस होतात. तोच ब्रेक एकदम ओढला तर वजन पुढे येण्याआधीच खर्च होऊन जातो. म्हणून मोठे स्वार वळणात शिरतानाही ब्रेक एकदम सोडत नाहीत. कलत जातील तसतशी बोटे सैल करतात, म्हणजे वजन पुढे टिकून राहते. एक हात देतो आणि दुसरा घेतो, अशातला व्यवहार.

पण यासाठी टायर दबायला हवा, दबून तापायला हवा. माझ्या छत्तीस पौंडांनी तो दबू दिला नाही. पान अजून लहान झाले. कडक कंपाउंडला तापायला वेळ लागतो, तो तीन फेऱ्यांत आणि जानेवारीच्या धुक्यात मिळाला नाही. हवेचे महत्त्व एवढे की मोटोजीपीत पुढच्या टायरच्या हवेची किमान मर्यादा नियमाने ठरवलेली आहे. २०२३ मध्ये ती १.८८ बार होती, २०२४ मध्ये १.८० केली. आपल्या भाषेत सव्वीस-सत्तावीस पौंड. दुसऱ्या गाडीच्या मागे लागून राहिले की गरम वारा लागून ही हवा फुगते, आणि चाक वळायला नको म्हणते. ज्यांच्या मागे कोट्यवधी रुपये आणि डझनभर इंजिनिअर आहेत तेसुद्धा पुढच्या टायरच्या अर्ध्या पौंडासाठी रात्री जागतात. मी पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून एका झटक्यात छत्तीस भरली.

हे मी दादाला सांगितले. त्याचा हात झोळीत होता. तो म्हणाला, "हवा नव्हं रं. म्या ब्रेक धसका दिला. माझ्याच बोटाला कळलं होतं." काकूला त्याने सांगितले, की ट्रॅकवर ओल होती. ओल नव्हती.

मग टायर. नवा मऊ टायर पुढे असता तर? ब्रेकची ती चूक त्याने पोटात घातली असती का? मला माहीत आहे, असे उत्तर कोणी देऊ शकत नाही. कदाचित नवा टायरही थंडच असता. कदाचित मऊ रबर कमी गरमीतही धरतो म्हणून तो वाचला असता. मी रात्री होस्टेलच्या खोलीत हा हिशेब मांडतो, आणि ज्या पलंगावर बसून मांडतो त्याचे भाडे त्याच साडेचार हजारांतले होते.

मोडलेली गाडी परत आली त्या संध्याकाळी अण्णांनी पुढचे चाक काढले. टायर रिमवरून उतरवला आणि कंदिलासारखा उचलून उजेडात धरला. मधला भाग झिजलेला. दोन्ही कडांना दोन बोटे रुंद पट्टा मात्र कोरा, चकचकीत, साच्यातून निघाल्यासारखा. तो भाग कधी रस्त्याला लागलाच नव्हता. उजवीकडच्या कोऱ्या पट्ट्यावर वीतभर लांब ओरखडा, तेवढाच. अण्णांनी नख लावले. नख घसरले.

"म्या बोलाया पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "अण्णा, हवा मी जास्त भरली होती."

"हवा कमी करता येती," ते म्हणाले. "तिथं कुणीबी केली असती." पुढे काही बोलले नाहीत. तो टायर त्यांनी विकला नाही, कापून बैलगाडीच्या ब्रेकला दिला नाही, की दाराला लटकवलाही नाही. मागच्या पत्र्याआड ठेवला आहे. आई एकदा त्यात कोथिंबीर लावते म्हणाली, तर नको म्हणाले.

या जूनमध्ये माझी दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. कॉलेज सुटल्यावर एका मेडिकल स्टोअरमध्ये संध्याकाळचे काम मी धरले होते, त्यातून ती भरली. दादाचे हाड जुळले आहे. खांद्याजवळ एक गाठ राहिली, शर्टातून दिसते. गॅरेजला तो मार्चपासूनच जाऊ लागला होता. ऑगस्टमध्ये एका रविवारी तो दुकानात आला, खांद्यावर दोरीने बांधलेला टायर. पुढचा, मऊ, ११०/७०. पैसे कुठून आणले ते मी विचारले नाही. अण्णांनी तो हातात घेतला, फिरवून बाणाची दिशा पाहिली, नख रुतवले आणि खूण भरून येईपर्यंत पाहत राहिले. मग स्वतः बसून चढवला. मला हात लावू दिला नाही.

हवा भरायची वेळ आली तेव्हा नळी माझ्याकडे दिली.

"किती भरू?" मी दादाला विचारले.

"ट्रॅकवर जाऊन, गार असताना बघू. आता रस्त्यापुरती भर."

मी एकोणतीस भरली. गेज दोनदा लावून पाहिला. दादाने खडूने पत्र्यावर तारीख आणि आकडा लिहिला, आणि पुढे जागा मोकळी सोडली.